लिलाव जिंकला, पण जिंकणारा बोलेना: किती दिवस थांबायचं?

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे.

माझे वडील नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले, टपाल तिकिटं छापतात तिथून. चाळीसेक वर्षं त्यांनी तिकिटं आणि थोडी नाणी जमवली. ते गेल्यावर संग्रह दोन वर्षं कपाटात तसाच होता. पावसाळ्यात एका अल्बमला दमट वास यायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "ज्याला कळतं त्याच्या हातात जाऊ दे." म्हणून संग्राहकांच्या एका साइटवर तीन लॉट लिलावाला लावले. सगळी आपल्या नाशकात छापलेली तिकिटं आणि थोडे चांदीचे रुपये.

लॉट १: १९४९ ची पुरातत्त्व मालिका, सोळाच्या सोळा, मिंट (न वापरलेली), गोंद शाबूत.
लॉट २: १९४८ ची गांधी तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे, लिफाफ्यावर.
लॉट ३: व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे आठ रुपये.

लिलाव गेल्या रविवारी रात्री ९ ला संपला. लॉट १ आणि २ एकाच खात्याने जिंकले, ११,२०० आणि ४,१०० ला. खातं लिलावाच्या आदल्या दिवशी उघडलेलं, आधीचा एकही व्यवहार नाही, मोबाइल क्रमांकाची पडताळणीही झालेली नाही. सहा दिवसांत मी साइटवरून तीन निरोप पाठवले. एकालाही उत्तर नाही. साइटवाल्यांचं म्हणणं, "हा विक्रेता आणि खरेदीदार यांच्यातला व्यवहार आहे."

लॉट १ वर दोन नंबरला असलेले गृहस्थ रोज विचारतात, "ताई, मिळेल का?" त्यांची शेवटची बोली ११,००० ची होती. लॉट ३ जिंकणारा बोलतो, पण तो म्हणतो की तो दुबईला असतो, पैसे जास्त पाठवेल आणि त्याचा माणूस येऊन नाणी घेऊन जाईल.

किती थांबू? दोन नंबरला देऊन टाकू का? आणि पुढच्या वेळी हे टाळायचं कसं?

---

देवळालीकर | शनिवार, रात्री १०:३२

ताई, बाकीचं सगळं नंतर. लॉट ३ वाल्याला आत्ताच्या आत्ता "नाही" कळवा. जादा पैसे, स्वतःचा माणूस, परदेशात मुक्काम, हे तिन्ही एकत्र आले की पुढे काय येतं ते मी पाहिलंय.

मागे मी जुना कॅमेरा विकायला काढला होता. घेणारा म्हणाला, "मी फौजेत आहे, देवळाली कॅम्पला पोस्टिंग आहे, सुट्टी मिळत नाही, ऑनलाइन देतो." ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." मी देवळालीतच राहतो. म्हटलं, साहेब, दहा मिनिटांत गेटवर येतो, कॅमेरा हातात देतो. फोन बंद झाला तो कायमचा.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. घरातल्या मोठ्यांना हे एक वाक्य पाठ करून द्या. आणि चुकून गेलेच पैसे तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला फोन करा. सकाळी बघू म्हणू नका, तोवर ते पाच खाती फिरलेले असतात.

---

तिकीटघर | शनिवार, रात्री ११:०५

गोदाकाठची, संग्रह विकताना किती जड जातं ते माहीत आहे. वडिलांनी गोंद शाबूत ठेवला म्हणजे माणूस हौशी नव्हे, शिस्तीचा होता.

एक दुरुस्ती. लॉटचं वर्णन बदला, कारण जाणकार त्यावर बोट ठेवेल. १९४९ ची मालिका नाशकातलीच. पण १५ ऑगस्ट १९४८ ची गांधी तिकिटं आपल्या प्रेसची नाहीत, ती स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हाझिए या छापखान्यात छापली गेली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्यांचं तिरंग्याचं, ते मात्र नाशिकरोडचं.

वर्णनातली चूक हे कारण पुढे करून जिंकलेला माणूस मागे हटू शकतो. तेवढीही फट ठेवू नका.

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री ११:२०

देवळालीकर, कळवलं. त्याने लगेच शिव्या दिल्या, त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली. धन्यवाद.

तिकीटघर, बाबा असते तर त्यांनीही हेच सुनावलं असतं. वर्णन दुरुस्त करते.

---

नाणेवाली | शनिवार, रात्री ११:४१

लॉट ३ बद्दल आणखी एक. रुपये कोणत्या सालचे आहेत? शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात येतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीचे रुपये म्हणजे १९०१ च्या आतलेच. घेणारा अगदी सच्चा असता तरी दुबईला पाठवणं चुकीचंच होतं. वर्णनातच लिहा: "फक्त भारतात पाठवले जाईल."

विकण्याआधी एकदा अंजनेरीला जाऊन या. तिथली नाणेशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून आहे, संग्रहालय आहे. आपल्याकडे काय आहे ते समजून विकलं की बोलीदाराच्या प्रश्नांना उत्तरं देता येतात, आणि प्रश्नांवरून माणूस कळतो. खरा संग्राहक वजन विचारतो, टांकसाळीची खूण विचारतो, कडेचा फोटो मागतो. नुसतं "फायनल किती" विचारणारा सहसा संग्राहक नसतो.

---

सातपूर_शिफ्ट | रविवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी संपवून वाचतोय. साधी गोष्ट आहे. सहा दिवस खूप झाले. दोन नंबरवाल्याला ११,००० ला द्या आणि मोकळ्या व्हा. त्याने स्वतःच्या हाताने ११,००० लिहिलेत, कोणी बळजबरी केली नव्हती. २०० रुपयांचं नुकसान, विषय संपला.

---

पिंपळपार | रविवार, सकाळी ८:३०

सातपूर_शिफ्ट, मला हे पटत नाही. ताई, बोलींचा इतिहास दिसतो का? तिसऱ्या माणसाची शेवटची बोली किती होती?

---

गोदाकाठची | रविवार, सकाळी ९:०२

दिसतो. तिसऱ्याची ६,४०० ला थांबली. त्यावर या गृहस्थांनी ६,६०० केले. मग ते नवीन खातं आलं आणि तिथून पुढे दोघंच, दोनदोनशेने, ११,२०० पर्यंत.

---

पिंपळपार | रविवार, सकाळी ९:२५

झालं तर. ते भुताचं खातं आलंच नसतं तर हा माणूस ६,६०० ला जिंकला असता. पुढचे ४,४०० त्याने कोणाशी स्पर्धा करून चढवले? ज्याला घ्यायचंच नव्हतं त्याच्याशी. खोटी बोली रद्द करायची तर ती पूर्ण रद्द करा, तिने चढवलेल्या भावासकट. नाहीतर खोटा बोलीदार पळाला, त्याने चढवलेला भाव मात्र तुम्ही ठेवून घेतला, असं होतं.

आणि लोक काय म्हणतील याचाही विचार करा. नवीन खातं, पडताळणी नाही, भाव एवढा चढवून गायब, आणि लगेच विक्रेत्याकडून दोन नंबरला निरोप, "तुम्हीच घ्या." बाहेरून बघणाऱ्याला ते खातं तुमच्याच भावाचं वाटेल.

---

सातपूर_शिफ्ट | रविवार, सकाळी ९:४०

ईबेवरसुद्धा हरलेल्याला जी सेकंड चान्स ऑफर जाते ती त्याच्या स्वतःच्या सर्वात वरच्या बोलीलाच जाते. जगभर चालतं ते नाशकात अन्याय कसं झालं? त्याला नको असेल तर तो नाही म्हणेल.

---

तिकीटघर | रविवार, सकाळी १०:१५

ईबेचा नियम बरोबर सांगितलात. ईबे डॉट इन २०१८ मध्ये बंद होईपर्यंत मी तिथे विकत होतो, आजही परदेशी साइटवर अधूनमधून घेतो. तिथे पैसे भरायला चार दिवस असतात. त्यानंतर विक्रेता "पैसे आले नाहीत" हे कारण देऊन सौदा रद्द करू शकतो आणि त्याची नोंद खरेदीदाराच्या खात्याला लागते. असे डाग असलेल्यांना आपल्या लिलावातून आधीच वगळायची सोयही आहे. ती ऑफर दोन नंबरच्या वरच्या बोलीला जाते हेही खरं.

पण ती यंत्राने केलेली सोय आहे. तिथे हजारो मैलांवरचा विक्रेता मला पुन्हा भेटणार नसतो. आपल्याकडे तिकिटं जमवणारे असतात किती? पुढच्या प्रदर्शनात तुम्ही समोरासमोर याल. मी पिंपळपार यांच्या बाजूने.

---

निफाडकर | रविवार, दुपारी १:२०

मी कांदावाला. तिकिटांतलं काही कळत नाही, लिलावातलं कळतं.

लासलगावला आमचा ट्रॅक्टर लायनीत उभा राहतो. व्यापारी येतात, पुकारा होतो, क्विंटलचा भाव निघतो. दोन मिनिटांत सौदा. पण त्या दोन मिनिटांच्या आधी काय झालेलं असतं ते बघा. बोली लावणाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, हमी दिलेली असते, त्याचं खळं कुठं आहे ते सगळ्यांना माहीत असतं. रस्त्यावरचा माणूस आत येऊन भाव पुकारू शकत नाही. पैसे त्याच दिवशी, फार तर २४ तासांत द्यायचे असा नियम आहे. तरीसुद्धा पैसे अडकल्याचे प्रसंग झालेत, मी स्वतः एकदा चार महिने चकरा मारल्यात. मग जिथं परवाना नाही, हमी नाही, पत्ता नाही, तिथं काय होणार?

तुम्ही लोकं माणूस जिंकल्यावर तो कोण आहे ते शोधता. आमच्याकडं तो कोण आहे ते ठरल्यावरच त्याला तोंड उघडू देतात. सगळा फरक तिथं आहे.

आणखी एक. आमच्याकडं "वांधा" म्हणून प्रकार असतो. लिलाव झाला, माल खळ्यावर ओतला, आणि व्यापारी म्हणतो वरती चांगला होता, खाली बारीक निघाला, भाव कमी करा. तुमच्याकडंही जिंकलेला माणूस पैसे देण्याआधी असा वांधा काढणारच. म्हणून फोटो पाठीमागून पण टाका, डाग असंल तर दाखवा.

---

रानजाई | रविवार, दुपारी २:४५

निफाडकर दादा, "तोंड उघडू देतात" हे फार पटलं.

पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण मी एकदा तो "गायब" बोलीदार होते. पितळी समई जिंकले होते. लिलाव संपला त्याच रात्री आईला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढचे पाच दिवस मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर होते. समई, साइट, काही डोक्यात नव्हतं. सहाव्या दिवशी पाहिलं तर विक्रेत्याने एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझं नाव, नंबर आणि "फ्रॉड, सावध राहा" असं टाकलं होतं. अनोळखी लोकांचे फोन आले. मी पैसे भरले, समई घेतली, पण ती आजही फडताळात आहे. लावावीशी वाटत नाही.

माझंही तेव्हा खातं नवीनच होतं. प्रत्येकाचं कधीतरी नवीन असतं. मुदत द्या, मुदत संपली की दुसऱ्याला द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणाचं नाव चव्हाट्यावर आणू नका.

---

गोदाकाठची | रविवार, दुपारी ३:१०

रानजाई, तुझं वाचून थांबले. खरं सांगते, काल रात्री मी त्या खात्याचा स्क्रीनशॉट गटावर टाकायला काढला होता. टाकणार नाही. आई आता बरी आहे ना?

---

रानजाई | रविवार, दुपारी ३:१८

हो ताई, ठणठणीत आहे. रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जाते.

---

बँकवाले_काका | रविवार, सायंकाळी ५:००

तीस वर्षे बँकेत काढली, त्यातील शेवटची काही वसुली विभागात. तारण मालमत्तांच्या लिलावात हा प्रश्न आम्हाला रोजचा होता, म्हणून तिथली घडी सांगतो.

बँकांना तारण विकून कर्ज वसूल करू देणारा सरफेसी कायदा २००२ चा. त्याखालच्या नियमांत जिंकणाऱ्याने विक्री किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरायची असते. आधी भरलेली अनामत त्यात धरली जाते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. नाही भरली तर अनामतीसकट भरलेली रक्कम जप्त आणि मालमत्ता पुन्हा विक्रीला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही जप्ती योग्य ठरवली.

मुद्दा असा की अनामत न घेता कोणालाही बोलीत बसू देऊ नये. तिकीट असो वा बंगला.

---

सातपूर_शिफ्ट | रविवार, सायंकाळी ५:२२

काका, दोन हजारांच्या तिकिटाला अनामत मागितली तर पोरं फिरकणारसुद्धा नाहीत. मी स्वतः पगाराच्या आधी शंभर रुपये अडकवणार नाही.

शिवाय अनामत असून काय होतं? २०२५ च्या नोव्हेंबरात हरयाणातल्या त्या गाडीच्या नंबरचं आठवतं का, एचआर ८८ बी ८८८८? मूळ किंमत ५०,०००, बोली गेली १ कोटी १७ लाखांवर, आणि जिंकणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. अनामत जप्त झाली, पण एवढ्या बोलीपुढे ती किती?

---

बँकवाले_काका | रविवार, सायंकाळी ५:५०

उदाहरण चांगले दिलेत, पण त्यातून उलटाच धडा निघतो. अनामत एकदा मूळ किमतीवर ठरवून सोडून देऊ नये. बोली ठरावीक टप्प्याच्या पुढे गेली की पुढच्या बोलीआधी अनामत वाढवून घ्यावी. लहान लॉटला अनामत नको, हे मात्र मान्य करतो. पाच हजारांच्या पुढेच घ्यावी.

---

कायदेकानू | रविवार, रात्री ९:३०

वकिली करते, नाशिकच्या न्यायालयात. व्यवहारापुरतं सांगते.

लिलावाची विक्री पूर्ण कधी होते हे माल विक्री कायदा १९३०, कलम ६४ मध्ये आहे. हातोडा पडला की, किंवा रीतीप्रमाणे लिलाव संपल्याचं जाहीर झालं की. तोवर बोली मागे घेता येते. ऑनलाइन करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अवैध ठरत नाही, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आलं आहे. म्हणजे रविवारी रात्री ९ ला ताई आणि त्या खात्यात करार झाला. त्याने माल घेतला नाही तर नुकसानभरपाई मागता येते. ११,२०० रुपयांसाठी कोणी दावा लावावा असं मी सांगणार नाही. पण एक काम कराच: दुसऱ्याला देण्याआधी लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत पैसे आले नाहीत तर मी हा माल दुसरीकडे विकेन. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला फेरविक्री करता येते, पण आधी सूचना देऊन. सूचना न देता विकलात आणि तो दहाव्या दिवशी पैसे घेऊन उभा राहिला तर वाद तुमच्या अंगावर येईल.

समोरचा अल्पवयीन निघाला तर करारच होत नाही. नवीन, बिनपडताळणीच्या खात्यामागे नववीतला मुलगा असणं अजिबात अशक्य नाही. नाव चव्हाट्यावर न आणण्याचं हे आणखी एक कारण.

पिंपळपार यांनी खोट्या बोलीचा मुद्दा काढला आहे. भाव चढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोली लावल्या तर घेणाऱ्याला विक्री रद्द करता येते, हेही त्याच कलम ६४ मध्ये आहे. ताईंनी तसं काही केलेलं नाही हे आपल्याला माहीत आहे, दोन नंबरच्या गृहस्थांना ते माहीत नाही. म्हणून बोलींचा पूर्ण इतिहास त्यांना दाखवावा असं माझं मत.

सूचनेचा मसुदा देते, हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार. गेल्या रविवारी रात्री ९ वाजता संपलेल्या लिलावात लॉट क्र. १ आणि २ आपल्या अनुक्रमे ११,२०० आणि ४,१०० रुपयांच्या बोलीला सुटले आहेत. यापूर्वी तीन निरोप पाठवले, उत्तर मिळालेले नाही. काही अडचण असल्यास एका ओळीत कळवा, मुदत वाढवून देईन. मंगळवारी रात्री ९ पर्यंत काहीच न कळल्यास आपली बोली रद्द समजून दोन्ही लॉट दुसऱ्यांना दिले जातील."

---

रानजाई | रविवार, रात्री ९:४४

"काही अडचण असल्यास एका ओळीत कळवा." मला हे वाक्य आलं असतं तर बाकड्यावरून उत्तर दिलं असतं.

---

नाणेवाली | रविवार, रात्री १०:३०

वकील ताईंना अनुमोदन. मी ओळख कशी पटवते ते सांगते, कारण धाग्याचा अर्धा प्रश्न तो आहे.

आधार कार्ड मागत नाही. लोकांची कागदपत्रं आपल्या फोनमध्ये साठवायची जोखीम मला नको. कोणी स्वतःहून पाठवलंच तर झाकलेल्या क्रमांकाचं पाठवा म्हणते. मी यूपीआयने एक रुपया पाठवायला सांगते. बँकेतलं नाव समोर येतं. त्या नावाचा आणि पार्सलच्या पत्त्यावरच्या नावाचा मेळ बसला पाहिजे. नाही बसला तर विचारते. "बायकोच्या खात्यातून पाठवलं" असं असेल तर फोनवर दोन वाक्यांत कळतं.

हा नियम मी कशामुळे केला? एकदा जिंकणारा एक, पैसे तिसऱ्याच नावाने आले, वर तीन हजार जास्त. म्हणाला, चुकून आले, उरलेले या दुसऱ्या नंबरवर परत करा. मी भाबडेपणाने केले. महिनाभराने माझं खातं गोठलं. ते पैसे परराज्यातल्या कुणाच्या फसवणुकीतले होते. खातं मोकळं व्हायला सात आठवडे लागले, त्यात मुलीची फी थकली. तेव्हापासून जादा आलेले पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, आणि तेही बँकेला सांगून. दुसऱ्या नंबरवर कधीच नाही.

आणि माल पाठवण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. समोरच्याने पाठवलेला "पेमेंट सक्सेसफुल"चा फोटो पुरावा नाही.

---

निफाडकर | सोमवार, सकाळी ६:४०

एक रुपयाची युक्ती झकास. बोली लावायच्या आधी घेतली तर तोच तुमचा परवाना.

---

देवळालीकर | सोमवार, सकाळी ८:१५

अवांतर: निफाडकर, उन्हाळ कांदा चाळीत टिकतोय का यंदा?

---

निफाडकर | सोमवार, सकाळी ८:५०

अवांतराला उत्तर: निम्मा काढला. राहिलेला पण सडायच्या आत काढायचाय. भाव बघून झोप लागत नाही, एवढंच सांगतो.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

रविवारी रात्रीच मसुदा जसाच्या तसा पाठवला. मंगळवारी रात्री ९ पर्यंत काही आलं नाही. नऊ वाजता सौदा रद्द केला, साइटला कारण कळवलं.

लॉट १ च्या गृहस्थांना फोन केला. बोलींचा पूर्ण इतिहास पाठवला आणि सांगितलं, त्या खात्याच्या सगळ्या बोली काढल्या तर तुमची ६,६०० ची उरते, त्याच किमतीला देते. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही ११ मागाल, आणि मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. इतका चढलेला भाव बघून माझा विश्वास उडाला होता." वीस मिनिटांत पैसे आले, नाव जुळलं. आज पार्सल गेलं.

लॉट २ चं नाही जमलं. दोन नंबरवाल्या बाईंनी दरम्यान तसाच लिफाफा दुसरीकडून घेतला. मी थांबले त्यातलं हे नुकसान. तो पुन्हा लावेन.

लॉट ३ आता विकत नाही. शनिवारी मुलीला घेऊन अंजनेरीला जाणार आहे, मग ठरवू.

---

सातपूर_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:०५

अभिनंदन. पण हिशेब मांडतो, राग नको. तुम्ही ४,४०० सोडले. नऊ हजार मागून पाहायला काय हरकत होती? माणूस तयार झाला असता. संग्रह तुमच्या आईचा आहे, तिचा हक्क होता त्या पैशांवर.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री ९:४०

राग नाही. भाऊही हेच म्हणाला, आणि जरा जोरातच म्हणाला. फोन करण्याआधी मी आईला विचारलं होतं. तिने विचारलं, "तो मधला माणूस खोटा होता ना? मग त्याचा आकडा आपला कसा?" मला त्यापुढे बोलता आलं नाही. ४,४०० माझ्या हातात कधी आलेच नव्हते, त्या खात्याने ते नुसते पडद्यावर दाखवले. आणि मधला नऊ हजारांचा आकडा मी कशावरून काढला असता? ६,६०० कुठून आले ते मला सांगता येतं. नऊ हजारांचं नसतं सांगता आलं.

---

सातपूर_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:५२

आईंपुढे बोलत नाही. मी असतो तर नऊ मागितले असते, हे मात्र खरं.

---

तिकीटघर | बुधवार, रात्री १०:१०

लॉट २ पुन्हा लावताना लिफाफ्याची मागची बाजूही दाखवा. आणि पाठवताना दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाळा संपला तरी टपालाच्या थैलीत ओल असते.

नियम काय ठेवताय तेही लिहा इथे. बाकीच्यांना उपयोग होईल.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:४५

वर्णनात हे टाकलं आहे: बोली लावण्याआधी प्रत्येकाने एक रुपया पाठवून नाव पटवायचं, मग खातं जुनं असो की नवीन. बोली पाच हजारांच्या पुढे गेली की पुढची बोली लावण्याआधी ५०० रुपये अनामत. हरलेल्यांची अनामत, रुपयासकट, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच खात्यात परत. जिंकल्यावर चार दिवस. अडचण कळवली तर आणखी आठवडा, कारण विचारणार नाही. काहीच न कळवता मुदत गेली तर त्या माणसाच्या सगळ्या बोली काढून भाव पुन्हा मोजणार. पार्सल फक्त भारतात.

लॉट २ येत्या रविवारी रात्री ९ ला संपेल. आत्तापर्यंत चौघांचे चार रुपये आले आहेत. त्यातला एक लॉट १ वाल्या गृहस्थांचा.